सातवा ब्लॉक

इल्मेनाऊच्या वरच्या आळीत, जिथे बर्फ मार्चपर्यंत हलत नाही,
एकेहार्ट त्सीगेनहॉर्नच्या गॅरेजात गाडी नाही.
फळीवर तीन पेट्या आहेत,
तिन्ही म्युलहाउझेनच्या कारखान्यातल्या,
एका आईच्या वाटाव्यात अशा:
तोच करडा पत्रा, तोच वायरीच्या शेपटाचा कीबोर्ड.
फरक नावाच्या शेवटी. तिरकी रेघ,
आणि रेघेपुढे दोन, तीन, चार.

दोनचं बारशाचं नाव निराळं होतं.
त्यात 'घर' हा शब्द होता, घरचा संगणक.
मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की घरांना तो मिळायचाच नाही,
शाळा नेतील, संस्था नेतील;
तेव्हा नावातून घर काढलं आणि तिथे 'छोटा' बसवला.
एकेहार्ट हे सांगताना हसत नाही.
त्याच्या घरी तो आला होता,
एका दुरुस्त मोपेडच्या बदल्यात, मागच्या दारानं.

दोनला बेसिक येत नाही. दर वेळी कॅसेटवरून शिकवा,
बंद केला की विसरतो.
तीन शिकूनच जन्मला.
चारची स्मृती ऐसपैस, रंग बारीक,
पण पडद्याचे ठिपके त्यानं वेगळ्याच कप्प्यांत रचले.
जुन्या कुणी थेट ठिपक्यांना हात घातला असेल
तर चारवर तो हात भलतीकडे पडतो.

आणि दोनकडे लहान अक्षरं नाहीत.
हे मला समजावून सांगावं लागलं.
मी ज्या लिपीत लिहितो तिथे सगळी एकाच रेघेला लोंबतात,
थोरलं कोण, धाकटं कोण, विचारायची सोय नाही.
त्यांच्याकडे म्हणे नुसत्या मोठ्या अक्षरांत लिहिलं
की माणूस ओरडतोय असं वाटतं.

हार्टविग, धाकटा भाऊ, ओरडणाऱ्यातला नव्हता.
हिवाळाभर दोनपुढे बसला, टोपी न काढता,
आणि एकोणनव्वदच्या ऑगस्टात
बालाटन तलावावर पोहायला म्हणून हंगेरीला गेला.
पंचा खुंटीवरच राहिला.
कॅसेट राहिली, तिच्यावर पेन्सिलीनं 'ए.साठी'.
पत्रं कीलहून येत, मग येईनाशी झाली.
कोण कुणावर रुसलं, ते एकेहार्टला नीट सांगता येत नाही.

चारवर त्यानं ती लावली तेव्हा चित्राच्या चिरलेल्या कोबीसारख्या पट्ट्या झाल्या.
तीनवर यंत्रच थिजलं:
हार्टविगनं ज्या पत्त्यावर दार ठोठावलं होतं
तिथे आता बेसिक राहायला आलं होतं.
म्हणजे दोनच हवा. दोन माळ्यावर, मेलेला.
वर्ष गेलं. एरफुर्टच्या गुंडुला बाईंनी
मोहरीच्या बरणीतून एक चिप पाठवली.

आज लोड होतंय. पडद्यावर ब्लॉकचे आकडे,
प्रत्येकापुढे छोटा बाण.
पाच. सहा.
सातपुढे प्रश्नचिन्ह.

या यंत्रांचं एक आहे, चुकलं म्हणून सगळं फेकून देत नाहीत.
थांबतात. टेप मागे घ्या, सातवा परत ऐकवा.
मागे घेतली. प्रश्नचिन्ह.
हेड स्पिरिटनं पुसलं. प्रश्नचिन्ह.
स्क्रूड्रायव्हरनं हेडचा कोन बदलला, केसभर.
इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.
बाण.

मग पडद्यावर एक शेळी उमटली, आडनावातलीच ती,
वाईट काढलेली, पाच पायांची,
पाचवा बहुधा शेपूट.
खाली एक ओळ, सगळी अक्षरं मोठी:
एके, माझ्या दोन कोऱ्या कॅसेटी तुझ्याकडे आहेत.

त्यानं यंत्र बंद केलं नाही.
एकेक खण उपसत
कॅसेटी शोधायला लागला.