बेचाळीस लाद्या

मिर्नीत तुयारा दिवसभर हिरे निवडते,
दिव्याखाली, चिमट्याने,
आणि सुटताना खिसे उलटे करून दाखवते.
हिरा, ती म्हणते, तसा कंटाळवाणाच.
प्रत्येक अणू चौघांचे हात घट्ट धरून बसलेला.
कुणी आलंच, तर दार उघडायला
एकही हात मोकळा नाही.

शनिवारी ती बसने गावी येते.
आई आधी कुऱ्हाडीचंच सांगते.
धातूतले इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात,
गावाच्या गायरानासारखे, सगळ्यांचे,
म्हणून घाव बसला तरी पोलाद
जरा सरकतं, जुळवून घेतं.
पण उणे एकावन्नला तेही हट्टाला पेटलं:
पात्याचा तुकडा ओंडक्यात, दांडा आईच्या हातात.
"तुझ्या बापासारखंच," आई म्हणते,
"थंडीत वाकायचं नाही म्हणजे नाही."

केस्किलला जाऊन तीन हिवाळे झाले.

रश्श्यात करास मासे उकळतायत.
आई मिठाचा खडा बत्त्याने फोडते.
खडा वाकत नाही, सरळ चिरतो.
एक थर तसूभर सरकला की
धनासमोर धन येतं, ऋणासमोर ऋण,
आणि आजवर ओढून धरणारेच
एकमेकांना ढकलू लागतात.
तुयाराला आपला सहा वर्षांचा संसार आठवतो.
ती वाडगे मांडते.

पाणी संपलंय. ती बर्फाची लादी आणायला
कोठाराकडे जाते.
पाण्याचे रेणू असे धरतात एकमेकांना,
हायड्रोजनच्या हलक्या बोटाने, मधे जागा सोडून;
एवढी जागा, की बर्फ
आपल्याच पाण्यावर तरंगतो.
नदीवरून मालाचे ट्रक जातात
ते या सोडलेल्या जागेच्या भरवशावर.

कोठाराच्या दारावर, फळीवर,
बाबांचं अक्षर:
लाद्या बेचाळीस.
मासे दोन पोती.
निकीफरला एक लादी उसनी.

(नदी शंभर पावलांवर. तरी उसनी.)

शिसपेन्सिल. नावात शिसं, आत नाहीच.
तोच कार्बन, आठवडाभर चिमट्यात धरलेला;
फक्त इथे प्रत्येकाने तिघांनाच धरलंय,
आणि पानं पानांवर नुसती टेकलेली.
हात फिरला की वरचं पान सुटतं,
फळीवर राहून जातं.
एवढंच असतं लिहिणं:
कुणीतरी नीट धरलेलं नसणं.

तिने मोजा काढला.
'उसनी'वरून बोट फिरवलं
आणि वेलांटी पुसट झाली.
आता ती तिच्या बोटावर होती.

रविवारी तिने भांडी डाव्या हाताने घासली.

सोमवारी, सुटताना,
नव्या पहारेकऱ्याने तिचं बोट दिव्याखाली धरलं.
"हे काय?"
"कार्बन," तुयारा म्हणाली.
तो थबकला. वही उघडली,
पान उलटलं, पुन्हा मागे आला.
आकार, वजन, रंग, सगळे रकाने होते.
यातला कुठला, ते त्याला ठरवता येईना.
मागे रांग वाढत होती.