सतरा खेप

ढोमणे मास्तर म्हणायचे,
एका पोटचे दोघं, पण ही पोरगी पाढा
आणि हा पोरगा नुसती प्रस्तावना.

संत्र्याच्या तोडीला कौतिका ढिगाशी बसायची.
दोन्ही हातांत मिळून पाच फळं,
पहिल्या खेपेला 'लाभ', मग दोन, मग तीन,
हजार होईतो ओठ हलत ते एवढेच.
मी बांधावर व्यापाऱ्याला गुंगवायचो:
मृगाचा बहार, विहिरीचं गोड पाणी,
जंबेरीवर आज्यानं बांधलेली कलमं.
हिशोब निघाला की मला खोकला यायचा.
अजूनही येतो.

गाव मला हुशार म्हणे. तिला गरीब गाय.
मला ठाऊक होतं, मी बोलतो
कारण गप्प बसलो तर
कोणीतरी सत्तावीस आठे विचारेल.
ती का बोलत नाही, हे कधी विचारलं नाही.
विचारायलाही थांबावं लागतं.

मोर्शीकडून पाहुणे आले.
पोहे झाले, चहा झाला, दीड तास मीच बोललो.
"पोरगी मुकी हाय काय?" पोराच्या मामानं विचारलं.
कपबशा गोळा करता करता ती म्हणाली,
"'आमचं काई मागनं नाई' असं
तुमी सतरा खेप म्हनलं.
अकराव्या खेपेपासून त्यात मोटरसायकल आली."

जीप गेली. धूळ बराच वेळ अंगणात उभी.
बाबा बोलले नाहीत. मीही नाही,
आणि घरात पहिल्यांदा ऐकू आलं,
माठ ठिबकत होता.

रात्री विचारलं, "आन् मी? मी किती खेप बोललो?"
"तुह्यं कोन मोजते," ती म्हणाली,
"तुह्यं आयकतो मी."