फुटका भोपळा

भीमाकाठाहून आलेल्या गाडीभर भोपळ्यांत
एक तडा गेलेला निघाला.
तंबोऱ्याच्या कामाचा नाही,
कडू, म्हणून भाजीच्याही नाही.
फेकायचा म्हणून कोपऱ्यात ठेवला,
वर्षभर त्यात भुसा साठत गेला.

मार्चमध्ये कुपवाडहून राजमती मगदूम मिरजेला आल्या,
बुटांच्या खोक्यात चार जीव घेऊन.
डोळे नुकते उघडलेले, निळसर, धुक्यातले.
"शेल्टरात साथ चाललीय हो, तिथं ही जगायची नाहीत.
दीड महिना सांभाळा, घरं मी बघते.
फक्त नावं ठेवू नका.
नाव ठेवलं की जीव अडकतो."

तौसीफनं शहाण्यासारखी मान हलवली
आणि दिवेलागणीपर्यंत हाका सुरू केल्या:
खुंटी, तबली, घोडी, मणका.
"नावं कुठं, उस्ताद?
हे तर सुटे भाग."

दर तीन तासांनी ड्रॉपर.
मग कोमट ओल्या कापसानं पोटाखाली पुसायचं,
आईच्या जिभेसारखं,
नाहीतर त्यांना मुतताही येत नाही.
हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.
रोजे चालू होते. सहरीला उठायचंच,
दिलशाद आधी त्यांचं दूध कोमट करायची,
मग आपला चहा.

हिशोबाच्या वहीत मी ग्रॅम लिहू लागलो.
पोलादी तार, दोन गुंडाळ्या. लाख, पाव किलो.
तबली दोनशे वीस. घोडी दोनशे पाच.
मणका एकशे साठ.
मणका एकशे साठ.
मणका एकशे बावन्न.
पुढची ओळ नुसती तारांची आहे.

एका रात्री कोपऱ्यातून आवाज आला.
हातातली कानस मी खाली ठेवली.
तिघी एकमेकींत गुंतून भोपळ्यात झोपलेल्या
आणि तो फुटका भोपळा घुमत होता.
चाळीस वर्षं घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून
मी जी जवारी शोधतो,
ती कुणी न लावता लागली होती.
ऐकायला मी आणि ट्यूबलाइट.

राजमतीताईंनी प्रश्नांचा कागद दिलेला.
गॅलरीला जाळी आहे का?
गावाला गेलात तर कुणाच्या भरवशावर?
घरात बाळ आलं तर हिला हाकलणार का?
तंबोरा न्यायला आलेल्याला
मी कधी एवढं विचारलं नव्हतं.
नीट वाजवाल का, एवढंसुद्धा नाही.

खुंटी आणि तबली विश्रामबागेत गेल्या,
जोडीनंच न्यायच्या, या अटीवर.
घोडी राहिली. घोडी काळी.
एक गृहस्थ म्हणाले, "आडवी गेली तर?"
म्हटलं, "घरातच राहणार म्हणजे आडवी जाणारच.
दार त्या बाजूला."

तौसीफ म्हणाला, "ठेवून घेऊ या ना."
मी भिंतीकडे बोट केलं, तंबोऱ्यांच्या रांगेकडे:
"यातला एक तरी आपण ठेवलाय?"
"तंबोरा पायात येऊन झोपत नाही," तो म्हणाला.
मला उत्तर सुचलं नाही.
मी लाख वितळवत बसलो, जरुरीपेक्षा जास्त.

शेवटी मिशन हॉस्पिटलातल्या सिस्टर एस्तेर रणभिसे आल्या,
नाइट ड्यूटी संपवून, डोळे तांबारलेले.
कागदावरचा पहिला प्रश्न वाचायच्या आत म्हणाल्या,
"मला दिवसा झोपणारंच कुणीतरी हवं होतं."
घोडी त्यांच्या पिशवीत स्वतःहून शिरली.
मागे वळून वगैरे पाहिलं नाही.

आठवड्यानं फोन आला, सकाळी दहाला.
"ऐका," म्हणाल्या, आणि फोन तिच्या पोटाशी धरला.
सवयीनं तोंडातून गेलं, "किंचित चढी लागलीय."
त्या हसल्या. "नाव रूथ ठेवलंय, चालेल ना?"
चालेल म्हणालो. मी कोण.

काल तौसीफ भोपळा उकिरड्यावर न्यायला निघाला
तर मी ओरडलो.
का, ते त्यानं विचारलं नाही.
आतला जुना टॉवेल काढला
आणि नळाखाली धुवायला बसला.