अंतर्गत रोध

दहा किलोचा ठोकळा, तीस अंशांचा उतार,
घर्षण नगण्य माना.
मानलं.
मच्छ्यातल्या आमच्या गल्लीत
घर्षण नगण्य असलेली जागा एकच,
नळाखालची शेवाळलेली फरशी.
तिथलं त्वरण मी कोपरावर मोजलंय.

त्वरण हा शब्द दहावीपर्यंतचा.
हिरेमठ सर म्हणतात वेगोत्कर्ष,
पुस्तकात ॲक्सिलरेशन.
ठोकळ्याला काहीही म्हणा,
तो कुणाचं ऐकून थांबत नाही:
चार पूर्णांक नऊ,
दर सेकंदाला वेग तेवढाच वाढत खाली.

बसमध्ये उजव्या हाताचा नियम घोकत होते.
अंगठा धारेच्या दिशेला,
बोटं वळतात तसं क्षेत्र.
कंडक्टरनं अंगठा बघितला. "ओंदा?"
आणि एक तिकीट फाडून दिलं.
पास घरी राहिला होता, बरंच झालं.
चुंबकाला त्यांच्यात अयस्कांत म्हणतात.
तिसऱ्या गेटपर्यंत तो शब्द
पेपरमिंटसारखा गालात धरला.

संध्याकाळी भरमाकाकाच्या दुकानात बसते.
उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या जळक्या मोटारी
इथं पोट उघडून पडलेल्या.
काका जुनी तार उपसतो, नवी भरतो,
वेढे ओठांतल्या ओठांत मोजतो.
चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी.
तेव्हा त्याच्याशी बोलायचं नसतं.

बारा व्होल्टची बॅटरी, बाहेर चार ओहम.
बाराला चारानं भागलं. तीन.
पुस्तकाच्या मागं: दोन पूर्णांक चार.
खोडलं. पुन्हा तीन.
छापणाऱ्याची चूक असणार.
पुन्हा तीन.

"कुठं अडलीस गे?"
काका सातवी, तीही दोनदा.
सांगितलं. त्यानं वही बघितलीच नाही,
फळीवरची ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बघितली.
"बॅटरी स्वतः काय खात नाही होय?"

खाते.
पहिल्या ओळीच्या टोकाला लिहिलं होतं,
लहान आर, एक ओहम.
मला ती छपाईतली माशी वाटली होती.
चार आणि एक पाच. बारा भागिले पाच.
बारातले नऊ पूर्णांक सहाच बाहेर येतात,
बाकीचे ती आतल्या आत
ऊन करून टाकते.

परवा सरांनी कन्नडात विचारलं,
लिफ्टमध्ये वजन शून्य कधी होतं?
येत होतं मला.
मराठीतून इंग्रजीत, तिथून कन्नडात
वाक्य फिरवून आणेतो
अक्षता मडिवाळर सांगून बसलीसुद्धा.
माझा हात अर्ध्यावर होता.
मग तो मुक्त पतनानं खाली आला.
कानशिलं तापली,
ते किती व्होल्ट, कुठल्याच गणितात विचारत नाहीत.

"लाईट हाय काय बघ."
टेस्टर पेटला. काकानं तिन्ही फेज जोडल्या,
मोटार घुरली आणि उलटी फिरली.
तो हसला नाही, चिडलाही नाही,
बंद करून दोन तारा अदलून लावल्या.
आता सरळ.
वार्निशचा वास गरम होत वर आला.

पुढचं गणित मी दोनदा वाचलं,
ओळीच्या टोकापर्यंत बोट नेऊन.
ह्यात घर्षण धरायचं आहे.
किती, ते दिलंय.