बेचाळीस अक्षरं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, ओळी दोनच,
आणि वेळ, माणूस मरायला लागतो तेवढा.
एवढ्यात मला मेक्सिको बसवायचा असतो
कुपवाडच्या या मागच्या खोलीत,
जिथं पंखा तीनवर टाकला की कागद उडतात
आणि दोनवर टाकला की डास बसतात.

सातवा भाग. मंत्र्याच्या कचेरीत
हेर म्हणून घुसलेली बाई फायलीचे फोटो काढतेय.
तिचं नाव मला बदलता येत नाही,
बाकी सगळं माझ्या हातात.
'पात्रोन'चं काय करू? शेठ लिहिलं, मालक लिहिलं,
एकदा आण्णा लिहून बघितलं
आणि एकटीच हसले. इतकं चपखल बसलं
की घाबरून खोडलं.
'प्लासा' म्हणजे चौक नव्हे, हद्द.
कुणाचा माल कुठल्या नाक्यापर्यंत.
हे शब्दकोशात नव्हतं,
बाळगोंडाच्या टपरीवर दूध आणताना कळलं.

मग आला 'अल्कोन'. ससाणा.
तिकडं म्हणे कोपऱ्या-कोपऱ्यावर पोरं बसवतात,
चौदा-पंधराची, हातात वायरलेस.
कोण आलं, कोण गेलं, कुठली गाडी, किती माणसं.
मी लिहिलं: ससाणे जागे आहेत, मालक.
आणि खिडकी उघडली, सहजच,
डोळ्यांना गार वारा लागावा म्हणून.

समोर हळदीचं जुनं गोदाम,
दिवाळीपासून भाड्यानं गेलेलं.
पॉलिशच्या ड्रमचा खडखडाट बंद,
वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळी धूळ नाही.
तीस वर्षांत पहिल्यांदाच
आमच्या गल्लीतल्या पांढऱ्या चादरी पांढऱ्या.
वास येतो, पण तो नखांच्या रंगासारखा,
आणि पहाटे तीनला.
कट्ट्यावर शीतल.
पद्माक्काचा शीतल, नववीला दोनदा बसलेला,
मांडीवर मोबाईल,
एमआयडीसीकडून वळणाऱ्या दर दिव्यामागं मान फिरवणारा.
त्यानं मला बघितलं, हात हलवला.
मीही हलवला.

'नोकरी लागली की वो त्याला,' पद्माक्का म्हणाली होती,
'वाचमनची. बसून पगार. तुमच्यागत.'

गुरुवारी एक माणूस आला.
साधा चौकड्याचा शर्ट, पण दाराशी काढलेले बूट तपकिरी,
तोंड दिसेल असे चकचकीत.
'ताई, तुमची खिडकी चांगल्या जागी आहे.'
पंधरा अक्षरं. सवयीनं मोजली मी.
मालिकेत कुणी असं बोललं
की पुढच्या प्रसंगात कुणीतरी नदीत तरंगतं.
मी पाणी दिलं. म्हणाले,
रात्री कानात बोंडं घालून काम करते,
मला काही ऐकू येत नाही.
तो म्हणाला, ऐकण्याचं कुठं विचारलं मी.
त्यापुढं काय बोलले
ते इथं लिहीत नाही.

रविवारी गोदामाला लाखेचं सील.
पेपरात आतल्या पानावर, द्राक्षांच्या दरांखाली, सहा ओळी.
भाडेकरू परराज्यातले.
मालकाचं नाव नाही.
आणि शेवटी: एक अल्पवयीन ताब्यात.

पद्माक्का दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी.
पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
'तुमी तर रातभर जाग्या असता.
कोन आलं, कोन गेलं, तुमाला दिसत आसंल की.'
मला त्या क्षणी माझी मान आठवली,
पडद्यावरून खिडकीकडे, खिडकीतून पडद्याकडे
कितीदा वळायची ती.
तिला चहा विचारला.
नको म्हणाली. वकील कोण चांगला, विचारलं.
तेही मला माहीत नव्हतं.

आठवा भाग आलाय.
सोबत सातव्यावर कंपनीचा शेरा:
'ससाणे' जड वाटतं, प्रेक्षकांना कळणार नाही, सोपं करा.
मी केलं.
पोरं जागी आहेत, मालक.
दहा अक्षरं. बत्तीस घरं मोकळी.
तिथं काहीतरी बसलं असतं,
मी बराच वेळ बोटं तशीच ठेवून बसले.

खिडकी आता लावून घेते.
काचेतून एवढंच दिसतं:
दोरीवर पद्माक्काची चादर, उतरवायची राहिलेली,
अजून पांढरीच.