बावीस नंबरचा दात

तेलावीत ऑक्टोबरमध्ये दातांसाठी कुणी येत नाही,
सगळे द्राक्षांत असतात.
तरी नोदार आला, लग्नाला घालतात तो कोट घालून,
बोटांच्या पेरांत जांभळा रंग तसाच,
आणि म्हणाला, पांढरे करा.

डॉक्टर मझियांनी चष्म्यावरून पाहिलं.
एकाहत्तराव्या वर्षी माणसं दात टिकावेत एवढंच मागतात,
रंगाची तक्रार घेऊन येत नाहीत.
"फोटो काढायचाय," तो म्हणाला. "दगडासाठी."

आमच्याकडे काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात.
त्सिआलाचा कोरून तीन वर्षं झाली.
सगळी बत्तीशी दाखवून हसते आहे.
शेजारी जागा सोडली आहे, गुळगुळीत,
ओली असली की तिच्यात नोदार दिसतो,
फुलं हातात घेऊन उभा.

"फोटोत तरी तोंड उघड, म्हणायची.
एकात उघडलेलं नाही."

मी सांगितलं, दगडाला रंग कळत नाही.
तो म्हणाला, मला कळतो.

चाळीस वर्षं वाइनरीत सापेरावी चाखली त्यानं.
घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, हेच काम,
आणि सापेरावी या शब्दातच रंग आहे.
पोटात थोडी गेली, दातांत मुरली.
मी शेडची पट्टी ओठांशी धरली,
सोळा नमुन्याचे दात, उजळ ते गडद.
शेवटचासुद्धा त्याच्यापुढे गोरा दिसला.

मग ओठ ताणून धरणारी कमान,
हिरड्यांवर लेप, लेपावर निळा दिवा,
डोळ्यांवर केशरी चष्मा,
जेल.
पंधरा मिनिटं, तीन वेळा.
तोंड उघडं असलेला माणूस बोलू शकत नाही,
म्हणून मीच बोलत राहते: यंदाचा भाव,
रस्त्यावर अडकलेले ट्रॅक्टर, माझ्या भावाची गाय.
दुसऱ्या खेपेला सुळ्यातून कळ गेली असावी,
कारण त्यानं आधी खुर्चीचा हात धरला,
मग माझा.

चूळ भरली. आरसा दिला.
खूप वेळ काही बोलला नाही.
पुढचे सगळे उजळले होते,
एक सोडून.
वरचा, डावीकडचा दुसरा. बावीस नंबर.
आधी सांगितलं होतं, कागदावर सही आहे:
कॅपला जेल लागत नाही, ती आहे त्याच रंगाची राहते.
"नवी बसवू," मझिया म्हणाल्या,
"दोन खेपा, चारशे लारी."

त्यानं जिभेनं तो दात चाचपला.
"वीज नव्हती तो हिवाळा.
डॉक्टरनं मला खिडकीशी नेलं
आणि पट्टी त्सिआलाच्या हातात दिली.
तो म्हणत होता, पांढराशुभ्र घेऊ.
ती म्हणाली, नको, परक्याचं तोंड वाटेल.
एकेक दात लावून बघत बसली,
माझ्या हनुवटीला धरून.
बोटं बर्फासारखी गार."

मी पुन्हा पट्टी लावली.
ए थ्री पॉइंट फाइव्ह. तंतोतंत.
म्हणजे इतके पिवळे होते तेव्हा, फक्त इतकेच,
आणि हे माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मझियांनी चारशेचा आकडा कागदावर लिहिलेला,
तो खोडला.

मी सूचना वाचून दाखवल्या:
दोन दिवस चहा नाही, बीट नाही, डाळिंब नाही,
वाइन अजिबात नाही.
"दोन दिवस? ऑक्टोबरात?"
भात चालेल, मी म्हटलं, दूध, चीज, सोललेला बटाटा.
"म्हणजे आजाऱ्याचं जेवण," तो म्हणाला,
आणि हसला. तोंड उघडून. आमच्या देखत.
मझिया उगाच नळाकडे वळल्या.

शुक्रवारी खिडकीतून दिसला,
समोर फोटोवाल्याच्या पायरीवर,
कोट तोच, तोंड घट्ट मिटलेलं,
गार वारा दातांना झोंबू नये म्हणून.
दार उघडलं, आत गेला.

आत तोंड उघडलं की नाही, ठाऊक नाही.
फोटो पाकिटात आहे म्हणतात, मुलीच्या कपाटात.
दगडाला घाई नाही.
आम्हालाही नाही.