पुढचा डावा

पहाटे साडेतीनला उठते.
धुळ्यात मे महिन्यात हीच काय ती वेळ
जेव्हा रेझिन माझं ऐकतं.
दुपारी शेचाळीसमध्ये ओतायला घ्यावं
तर पेल्यातच त्याचा दगड होतो,
ढवळायची काडी मधोमध उभी राहते.

कूलर बंद. ओलसर वारं लागलं
की ते ताकासारखं फसफसतं
आणि टायर निघतो देवी आल्यासारखा.
म्हणून बाटल्या स्टीलच्या डब्यात,
डबा ओल्या गोणपाटात,
मी घामात.

सोनाराकडून जुना काटा आणलाय.
ह्या बाटलीतलं अकरा ग्रॅम, त्या बाटलीतलं अकरा,
काळ्या रंगाचे दोन थेंब, आणि सुईच्या टोकावर पांढरा.
नवशिके निव्वळ काळा घालतात.
निव्वळ काळा टायर आग्रा रोडवर
मी अजून एकही पाहिला नाही.

मोडक्या फ्रिजचा कॉम्प्रेसर कुकरमधली हवा खेचतो.
बुडबुडे वर येतात, फुटतात, येतात.
मग साच्यातून बोटाने ढकलते बाहेर
नखाएवढा टायर;
त्याच्या अंगावरची अक्षरं वाचायला भिंग लागतं.
शेवटचं काम पॉलिश पेपरवर:
जमिनीला टेकतो तिथे किंचित चपटा करायचा.
नाहीतर गाडी काचेच्या कपाटात तरंगत राहते,
तिच्यात कधी कुणी बसलंच नसल्यासारखी.

आबांनी बत्तीस वर्षं ट्रकचे टायर रिमोल्ड केले
पारोळा चौफुलीला.
भटू मिस्तरीचं नाव सेंधव्यापर्यंत होतं.
माझा पहिला टायर त्यांनी चिमटीत धरला,
कानाशी नेऊन टिचकी मारली.
"हाऊ टायर शे? यामा हवा कोठे शे?"
आणि ताटातल्या शेंगांच्या टरफलांत ठेवून दिला.
तो मी नंतर उचलला. धुतला.
चारात एक कमी पडत होता, विकला.

मग सोलापूरहून वल्लाळांची ऑर्डर आली.
वडिलांची फियाट टॅक्सी, छोटी करून बांधतायत.
चार टायर, एक स्टेपनी.
स्टेपनी कोरी ठेवा, ती कधी उतरलीच नाही.
पुढचा डावा मात्र कायम झिजलेला असायचा.
कसा, ते आता आठवत नाही,
तुम्हाला जमेल तसं करा.

तीन दिवस कानस चालवली.
उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा.
आबा माठाकडे चालले होते, थांबले.
"गाडी कोनती?"
सांगितलं.
"टॅक्सी?"
हो.
तांब्या खाली ठेवला, कानस माझ्या हातातून घेतली,
चष्मा न लावताच बाहेरची कड उतरवली,
मग प्रत्येक खाचेची धार एकाच अंगाला कलती.
"आते बोट फिराव. बाहेरून मजार, मऊ.
मजारथून बाहेर, करवत.
चाकं मजार वळेल व्हतात त्याना."
आणि उजव्या हाताच्या नखाने
भिंतीवर एक ओरखडा काढला, आडवा.
हा कशाला, आबा?
"पॅसेंजर डावीकडेच उतरस ना.
फूटपाथले घासाई जास गाडी."

त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वल्लाळांचे पैसे आले, सोबत शब्द नाही.
वाटलं, नाही आवडला.
नऊ दिवसांनी पुन्हा ऑर्डर:
फक्त पुढचा डावा, एक नग.
भावाला पाहिजे.

सुटा टायर मी विकत नाही,
पाचाचं पाकीट, तीनशे ऐंशी, कुरिअर वेगळं.
हा काड्यापेटीत कापूस घालून पाठवला.
पत्ता आबांनी लिहिला,
पिन कोडचे आकडे टायरच्या साईजसारखे ठसठशीत.

आता साडेतीनला दोन दिवे लागतात.
ते काही करत नाहीत, बसतात.
निघालेला प्रत्येक टायर उजेडात धरतात
आणि सवयीने
अंगठा दाबून बघतात.